भरीव लाकूड वाजतं कसं?

घरी येणारा माणूस मी बनवलेली इलेक्ट्रिक गिटार भिंतीवरून खाली घेतो, बोटाच्या पेरानं तिच्या अंगावर ठोकतो आणि विचारतो, "अरे, हे तं भरीव आहे! मंग वाजते कशी?" आमच्याकडे एकतारी भोपळ्याची, खंजिरी चामड्याची. पोकळीतून आवाज येतो हे कानाला लहानपणापासून ठाऊक. प्रश्न रास्त आहे. तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

गिटारचं अंग आजोबांच्या घराच्या सागवानी मयालीचं, म्हणजे छपराखालच्या तुळईचं आहे. घर उतरवलं तेव्हा ती मी मागून घेतली. पण आवाजाशी तिचा संबंध थोडाच. आवाज उपजतो तारांच्या खाली. तिथं सहा चुंबक उभे असतात आणि त्यांच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये वीज तयार होते. फॅरेडेनं १८३१ साली दाखवलेलं हेच तत्त्व सायकलच्या डायनॅमोत असतं. ही वीज फार थोडी, मिलिव्होल्टांत मोजायची. ती अॅम्प्लिफायर वाढवतो. चुंबक आणि वेढे मिळून होतो तो पिकअप. पोकळ गिटारला असा पिकअप लावून आवाज मोठा केला, तर स्पीकरचा आवाज परत तिच्या पोटात शिरतो आणि शिट्टी सुटते. म्हणून भरीव लाकूड. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी १९४० च्या सुमारास चार इंची चौरस पाइनच्या खांबावर तारा चढवल्या होत्या. हे वाचलं आणि मला मयाल आठवली.

वेढे घालून दिले तालुक्याच्या मोटार वायंडिंगवाल्या भाऊनं. शेतीपंपांच्या जळालेल्या मोटारी भरण्यात त्याची उमर गेली. वेढे ज्यावर घालायचे ते माझं बॉबिन पाहून तो म्हणाला, "कोन्त्या पंपाचं हाय हे?" एवढी बारीक तार त्याच्याकडे नव्हती, ती मी नागपूरहून आणली. पहिल्यांदा तीन हजार वेढ्यांवर तुटली. दुसऱ्यांदा त्यानं यंत्र अगदी सावकाश फिरवलं आणि तार दोन बोटांच्या चिमटीतून सोडली. ताण किती हवा हे त्या बोटांनाच कळत होतं. मल्टिमीटरवर सात किलोओहम दिसले, म्हणजे तार कुठंही न तुटता पूर्ण भरली होती, तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे पाहतच राहिलो. अशी बोटं प्रत्येक तालुक्यात आहेत, त्यांच्याकडे हे काम कुणी घेऊन जात नाही एवढंच.

सगळ्यात जास्त जीव मात्र दांड्यावरच्या पडद्यांनी, म्हणजे सुरांच्या धातूच्या पट्ट्यांनी घेतला. सतारीचे पडदे सरकवता येतात. गिटारचे एकदा ठोकले की ठोकले. तार जिथून सुटते त्या मेरूपासून ती जिथं टेकते त्या घोडीपर्यंत ६४८ मिलिमीटर. या लांबीला १७.८१७ नं भागलं की ३६.३७ येतात, तिथं पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्यानं भागायचं, की दुसरा. असं करत बारावा बरोबर मध्यावर, ३२४ वर येतो. पहिल्या गिटारला मी प्रत्येक अंतर मागच्या पडद्यापासून मोजलं. पेन्सिलीच्या रेघेची जाडी दरवेळी साचत गेली आणि बारावा पडदा दोन मिलिमीटर पुढे गेला. वर जाईल तसा सूर चढा लागायचा. तो दांडा मी अजून ठेवलाय. आता सगळी मापं मेरूपासूनच घेतो.

दांड्यात पोलादी सळई घालावी लागते, कारण सहा तारांचा मिळून ओढा जवळपास अर्ध्या क्विंटलचा असतो. शिवाय आपला मे महिना आणि लगेच येणारा पावसाळा. ओलं लाकूड यात वाकतंच. मयाल साठ-सत्तर वर्षं छपराखाली वाळलेली, ती हलली नाही. सागाला अंगचं तेल असतं, म्हणून रंधा मारल्या मारल्या त्याच दिवशी चिकटवावं. शिळ्या पृष्ठभागावर डिंक धरत नाही.

भजनी मंडळातले एक आजोबा परवा आले. ठोकून झालं, प्रश्न विचारून झाला. मग त्यांनी अॅम्प्लिफायर बंद करायला लावला, कान लाकडाला टेकवला आणि मी तार छेडली. "वाजून राह्यली ना बावा, बारीक!" म्हणाले. दुसऱ्या दिवशी एकतारी घेऊन हजर. माइकवर तिचा आवाज खंजिरीत बुडतो, तिला असं काही लागतं का? तार पितळेची असती तर चुंबकाचा उपयोग नव्हता. मी एक चुंबक जवळ नेला. तार त्याच्याकडे ओढली गेली.

एकाच चुंबकाचं छोटं बॉबिन कापून ठेवलंय. सोमवारी वायंडिंगवाल्या भाऊकडे जायचं आहे.