नऊ वह्या, एकच सण

आज आठवीच्या वह्या तपासत बसलो. नऊ पोरांचा ‘माझा आवडता सण’ शब्दाला शब्द सारखा. आणि लिहिलंय काय, तर ‘सणांचे सांस्कृतिक महत्त्व अनन्यसाधारण आहे’! ही भाषा आमच्या पोरांची न्हवंच. चॅटजीपीटीची.

मुख्याध्यापक म्हणून लगेच मोबाईलबंदीची नोटीस लिहायला घेतली. (2020 च्या लॉकडाऊनमध्ये ‘मोबाईल घेऊन द्या’ म्हणत पालकांच्या मागं लागणारा मीच!) शिपाईमामा म्हणाले, "सर, घरात कोण बघणार वो?"

नोटीस फाडली. उद्या नऊही जणांना वर्गातच लिहायला बसवणार : आषाढात कोल्हापूरच्या टेंबलाई देवीला टेकडीवर नदीच्या नव्या पाण्याची घागर कुणी नेली, पी-ढबाक वाद्यांच्या तालावर कोण नाचलं, घरी येऊन काय खाल्लं. निम्म्यांनी तर टेकडीखालच्या रस्त्यावर भेळच हाणली असणार.