तुम्ही विचारलंत म्हणून: टाकीत काय घालता?

माझी जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी कुठेही लावली की कोणीतरी विचारतंच, "वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये हिला कसं सांभाळता? टाकीत काय घालता?"

काही घालत नाही. बाटलीतली औषधं घालून झाली, खिसा तेवढा हलका झाला. आता व्हिटॉनचे, म्हणजे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे पाइप, पंपाला नवा डायफ्रॅम, फिल्टर लवकर बदलणं आणि टाकी भरलेली. रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते आणि इथेनॉल ओल ओढतं. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी कोरडी करून ठेवतो. झालं.

पण "उगाच घाबरता" असंही लगेच ऐकवता, म्हणून खंबाटकी घाटातलं सांगतो. गेल्या वर्षी जुलैत साताऱ्याला निघालो होतो. अर्ध्या चढावर बायको म्हणाली, "पेट्रोलचा वास येतोय." म्हटलं, पुढच्या ट्रकचा असेल. दोन वळणांनी पुन्हा म्हणाली. बॉनेट उघडलं. पंपाकडून कार्बोरेटरला जाणारा रबरी पाइप फुगून शिजलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा मऊ झालेला, क्लिपपाशी चीर, आणि थेंब थेंब पेट्रोल तापलेल्या इंजिनावर. बायको एक शब्द बोलली नाही. पर्समधली पाण्याची बाटली हातात घेऊन कठड्याजवळ उभी राहिली. पेट्रोलच्या आगीला पाणी चालत नाही, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

पाइप नऊ वर्षांचा होता, हेही सांगतो. मिस्त्रीच्या मते साध्या पेट्रोलनेही तो गेलाच असता. असेल. साध्या नायट्राइल रबराला इथेनॉल फुगवतं, पण माझ्या पाइपाचा पंचनामा कोणी केलेला नाही.

आणि २०२३ मध्ये एका लग्नाच्या पंगतीत इथेनॉलची बाजू घेऊन तावातावाने भांडणारा मीच होतो. धाकट्या भावाचा ऊस कारखान्याला जातो. इथेनॉलमुळे कारखान्याच्या हातात पैसा खेळतो, हे घरात दिसतं. तेव्हाचा तो मी खोटं बोलत नव्हता. फक्त पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायचं २०३० चं सरकारी उद्दिष्ट २०२५-२६ वर ओढल्यावर जुन्या गाड्यांसाठी पंपावर एक वेगळी नळी राहील, असं त्याने गृहीत धरलं होतं. भावाला हे बोललो तर म्हणाला, "दादा, मग गाडी वीक की."

विकत नाही. खंबाटकी आली की बायको अजून काच खाली करते.