राधागोविंद चंद्र आणि ताऱ्याची प्रत ठरवणारा डोळा

जेसोरच्या (आता बांगलादेशात) सरकारी खजिन्यात नोकरी करणाऱ्या राधागोविंद चंद्रांनी जून 1918 मध्ये गरुड तारकासमूहात नवतारा, म्हणजे अचानक तेजस्वी झालेला तारा, पाहिला. पुढे 1919 ते 1954 या काळात त्यांनी रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्यांच्या 37,000 हून अधिक नोंदी केल्या. सुरुवात 3 इंची दुर्बिणीवर झाली. ते काम पाहून अमेरिकेतल्या निरीक्षक संघटनेने त्यांना सुमारे 6 इंची दुर्बीण पाठवली. नवताऱ्यापेक्षा ती चिकाटी मला मोठी वाटते.

अशी नोंद आजही तशीच होते. डोळे अंधाराला सरावायला निदान 20 मिनिटं द्या. मग नकाशातले दोन तुलना-तारे निवडा, एक आपल्या ताऱ्यापेक्षा किंचित ठळक, दुसरा किंचित मंद. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचा आकडा, तो जितका मोठा तितका तारा मंद. समजा ते 8.2 आणि 8.7 प्रतीचे आहेत आणि आपला तारा ठळकाकडून मंदाकडे दोन-पंचमांश अंतरावर वाटतो, तर प्रत 8.4. वेळ जागतिक वेळेत, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेत, लगेच लिहा.

चुका बहुतेक डोळ्याच्या असतात. लाल ताऱ्याकडे टक लावली की तो हळूहळू ठळक भासतो. म्हणून झटपट नजर टाकायची, प्रतिमा थोडी धूसर केली तर आणखी बरं. दृष्टिक्षेत्रात खालचा तारा उगाच ठळक दिसतो, तेव्हा मान वळवून दोन्ही तारे डोळ्यांच्या रेषेला समांतर आणा. आणि कालची नोंद आधी अजिबात पाहू नका, मन तोच आकडा पुन्हा शोधतं.