कणकुंबीच्या पावसाचा आकडा

बेळगाव जिल्ह्यात सह्याद्रीवर वसलेल्या कणकुंबी गावाला वर्षभरात पाऊस किती पडतो, एवढाच माझा प्रश्न होता. त्याच्या उत्तरापायी माझा एक उन्हाळा गेला आणि 32 पानांच्या चित्रपुस्तकातले मधले जोडपान तोवर कोरे राहिले.

पुस्तकाची कल्पना साधी आहे. अरबी समुद्रावरून निघालेला एक ढग सह्याद्री चढून कणकुंबीला येतो आणि तिथून जांबोटी, खानापूर, बेळगाव, गोकाक असे करत अथणीला पोहोचतो. डोंगर चढणारी हवा वर जाता जाता थंड होते, बाष्पाचे थेंब बनतात आणि ढगाचे बहुतेक ओझे पश्चिमेलाच उतरते. अथणीकरांच्या वाट्याला उरलेसुरले येते. (एकच ढग इतका टिकत नाही हे मला ठाऊक आहे, गोष्टीपुरती तेवढी सवलत मी घेतली आहे.) एकाच जिल्ह्यातल्या दोन गावांचा पाऊस इतका वेगळा असतो हे माझ्या वर्गातल्या मुलांना चित्रात दिसावे, म्हणून मला खरे आकडे हवे होते.

पर्जन्यमापकाच्या नोंदी एका सरकारी कार्यालयात मिळतील असे समजल्यावरून मी मार्चमध्ये तिथे गेले. अर्ज कन्नडमध्ये होता. मला कन्नड बोलता येते, पण लिहिताना जोडाक्षरे अडतात, म्हणून शेजारच्या नववीतल्या मुलीकडून तो भरून घेतला. सगळे अडले ते ‘उद्देश’ या रकान्यावर. तिथे पीक नुकसानभरपाई, विमा, न्यायालयीन काम आणि संशोधन असे चारच पर्याय छापलेले होते, म्हणून मुलीने खालच्या मोकळ्या जागेत ‘मक्कळ पुस्तक’, म्हणजे मुलांचे पुस्तक, असे लिहिले. खिडकीमागच्या कारकुनाने ते दोनदा वाचले आणि कोणत्या संस्थेचे पत्र आणले आहे, असे विचारले. संस्था कोणतीही नाही, पुस्तक मी स्वतःच लिहिते आहे, असे सांगितल्यावर उत्तर आले, “नाळे बन्नी,” म्हणजे उद्या या.

दुसऱ्या खेपेला मी ‘संशोधन’ यावर खूण केली, तर मार्गदर्शकाचे नाव आणि विद्यापीठाचे पत्र मागितले गेले. तिसऱ्या आणि चौथ्या खेपेला साहेब फिरतीवर होते. पाचव्या खेपेला माझा अर्जच सापडेना, आणि आवक क्रमांक मी घेतलेला नसल्यामुळे तो दिला होता हे सिद्ध करणेही शक्य नव्हते. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर शिक्का व क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, हे शहाणपण मला तेव्हा सुचले. त्या दिवशी जिन्यात भेटलेल्या शिपायाने सहज सांगितले, “बाई, तालुक्यांचे आकडे जिल्ह्याच्या सांख्यिकी पुस्तिकेत छापलेलेच असतात, वाचनालयात बघा की.” मी गेले, आणि खरोखरच खानापूर, अथणी, गोकाक सगळे तालुके एका तक्त्यात होते. पाच खेपांत खिडकीतून एवढे एक वाक्य बाहेर येऊ नये, याचा राग अजून गेलेला नाही.

कणकुंबीचा स्वतंत्र आकडा मात्र त्या तक्त्यात नव्हता. अखेर मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचे पत्र जोडून नवा अर्ज केला, तेव्हा मृग लागून गेल्यानंतर नोंदवहीतल्या पानाची झेरॉक्स हाती आली. आकडा 3000 मिलिमीटरच्या बराच पुढे होता आणि अथणीचा सहाशेच्या आसपास. वाहून न जाता ते पाणी साचले, तर कणकुंबीत उभा हत्ती बुडेल आणि अथणीत पहिलीतल्या मुलाच्या कमरेला लागेल. खानापूरच्या जंगलपट्ट्यात हत्ती येतात हे मुलांना माहीत असल्यामुळे ते जोडपान एका संध्याकाळी लिहून झाले.

बाकीच्या कामाबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. चित्रकाराने पहिल्या खेपेस थेंब अश्रूच्या आकाराचे काढले होते. लहान थेंब गोल असतो आणि मोठा पडताना हवेच्या दाबाने खालून चपटा होतो, हे समजावून ती चित्रे बदलून घ्यावी लागली. जमिनीचा रंगही बदलून घेतला, कारण खानापूरकडची तांबडी माती अथणीच्या शेतात दाखवून चालत नाही. तिथली माती काळी आहे. रोहिणीपासून स्वातीपर्यंतची पावसाची नक्षत्रे मात्र माझ्या सासूबाईंनी एका दमात लिहून दिली, त्यासाठी कुठेही अर्ज करावा लागला नाही.

एक राहिले. शाळेत पाऊस मोजायचा असेल, तर सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा उघड्या जागी ठेवावा आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजावे, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस त्याच वेळी बदलतो. आमच्या शाळेत डबा ठेवला आहे, आणि ‘उद्देश’ हा रकाना मुलांच्या वहीत आखलेला नाही.