ध्वनी, चलच्चित्र आणि पीडीएफ एकाच खिडकीत: तिसऱ्या टप्प्याची नोंद

गायनाचा सराव करणाऱ्यांसाठी मी जो अनुप्रयोग लिहीत आहे, त्यात ध्वनिमुद्रण वाजत असताना शेजारी स्वरलिपीचे पान दिसावे, गाणे पुढे सरकेल तसे पान आपोआप उलटावे आणि हवे ते पान तिथूनच छापता यावे, अशी योजना आहे. ध्वनी आणि चलच्चित्र यांचा भाग मागच्या टप्प्यात स्थिर झाला. हा टप्पा संपूर्णपणे पीडीएफचा होता.

पीडीएफ दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून देणे हा सर्वांत सोपा मार्ग मी आधीच बाजूला ठेवला, कारण तसे केल्यास पान आणि ध्वनी यांचा मेळ आपल्या हातात राहत नाही. मग लायब्ररी, म्हणजे पीडीएफ वाचण्यासाठी आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडता येणारा तयार कोड, निवडणे आले. पॉपलर ही एक्सपीडीएफ या जुन्या पीडीएफ वाचकातून निघालेली आणि जीपीएल परवान्याची (ती जोडून वाटलेल्या प्रोग्रॅमचा कोडही त्याच अटींवर खुला ठेवायला लावणाऱ्या) आहे. म्युपीडीएफ एजीपीएल (जीपीएलचाच अधिक कडक प्रकार) किंवा व्यावसायिक परवान्याने मिळते. पीडीएफियम गूगलने २०१४ मध्ये खुली केली, तिचा मूळ कोड फॉक्सिटचा आहे आणि क्रोममध्ये तीच वापरली जाते. माझ्याकडील ध्वनीचे काही घटक वेगळ्या परवान्यांचे असल्यामुळे सर्वांत मोकळा परवाना असलेली पीडीएफियम मी घेतली.

पहिले पान पडद्यावर आले तेव्हा पार्श्वभूमीला चलच्चित्र चालू होते आणि अक्षरे जवळजवळ दिसतच नव्हती. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पीडीएफच्या पानाला स्वतःचा पांढरा रंग नसतो. त्यात फक्त काय कुठे उमटवायचे याच्या सूचना असतात, आणि कागद पांढरा असणार हे गृहीत धरलेले असते. बिटमॅप (पिक्सेलांची कोरी चौकट) पारदर्शक ठेवून त्यावर पान रेंडर केले, म्हणजे त्या सूचनांनुसार उमटवले, तर काळी अक्षरे थेट चलच्चित्रावर जाऊन बसतात. रेंडर करण्यापूर्वी बिटमॅप पांढऱ्याने भरल्यावर हा प्रश्न मिटला. त्यानंतर लाल खुणा निळ्या दिसू लागल्या, कारण पीडीएफियम रंगांचे बाइट निळा, हिरवा, लाल या क्रमाने देते आणि माझे टेक्श्चर (पडद्यावर दाखवण्यासाठी ग्राफिक्स कार्डाला दिलेली प्रतिमा) उलट्या क्रमाची अपेक्षा करत होते. टेक्श्चरचा प्रकार बदलताच रंग जागेवर आले.

मापांच्या बाबतीत मात्र सावकाश जावे लागले. पीडीएफचे मूळ एकक इंचाचा ७२वा भाग हे असते, त्यामुळे ए-४ पान सुमारे ५९५ × ८४२ एककांचे भरते. आरंभबिंदू डावीकडे खालच्या कोपऱ्यात असतो आणि उभा अक्ष वर वाढत जातो. पडद्याचा आरंभबिंदू डावीकडे वरच्या कोपऱ्यात असतो आणि उभा अक्ष खाली वाढतो. स्वरलिपीतील ओळीवर क्लिक केल्यावर ध्वनी त्या ओळीपासून सुरू व्हावा, ही सोय करताना मी आधी फक्त उंचीतून वजाबाकी करत होतो. साध्या पानांवर ते चालले, पण स्कॅन केलेल्या एका पुस्तकात पाने ९० अंशांत फिरवलेली होती आणि दृश्य चौकटीचा (पानाचा दिसणारा भाग ठरवणाऱ्या आयताचा) कोपरा शून्यावर नव्हता, तेव्हा प्रत्येक क्लिक भलत्याच ओळीवर पडू लागला. त्यानंतर स्वतःचे गणित काढून टाकले आणि लायब्ररीतील रूपांतराचे फलन (फंक्शन) वापरले, कारण ते फिरवणे आणि चौकट दोन्ही लक्षात घेते. या कामात हात घालणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सुचवेन.

ध्वनी आणि चलच्चित्र यांच्या सोबतीने चालायचे म्हणजे वेळेची शिस्त सांभाळणे आले. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि मोठ्या स्कॅन प्रतिमा असलेली पाने त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ घेतात. रेंडर करण्याचे काम मुख्य थ्रेडवर (प्रोग्रॅममधील कामांच्या मुख्य धाग्यावर) ठेवले असता पान उलटताना चित्र अडखळत होते. म्हणून वेगळे थ्रेड काढले, पण दोन थ्रेडांनी एकाच वेळी पीडीएफियमला हाक मारताच प्रोग्रॅम कोसळू लागला, कारण ही लायब्ररी एकाहून अधिक थ्रेडांनी एकाच वेळी वापरण्यासाठी बनवलेली नाही. आता पीडीएफचे प्रत्येक काम एकाच स्वतंत्र थ्रेडकडे रांगेने जाते. समोर दिसणारे पान रांगेत पहिले, त्याच्या पुढचे दुसरे, मागचे तिसरे; वापरकर्ता दूर गेला असेल तर जुन्या मागण्या रद्द होतात. एखादे जड पान अर्धवट असतानाच थांबवता यावे, यासाठी टप्प्याटप्प्याने रेंडर करण्याची सोय लायब्ररीत आहे आणि तिचा मला फार उपयोग झाला. पान मोठे करताना आधी जुनेच टेक्श्चर ताणून दाखवायचे आणि स्पष्ट प्रत तयार झाली की ती त्या जागी बसवायची, असे ठेवल्याने हालचाल डोळ्यांना सलग वाटते.

देवनागरीबद्दल थोडे वेगळे लिहायला हवे. पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत केलेला असेल तर जोडाक्षरे आणि वेलांट्या अचूक दिसतात, कारण कोणता आकार कुठे बसणार हे फाइल तयार होतानाच ठरलेले असते. पण तोच मजकूर शोधायचा झाला, तर आकारापासून अक्षराकडे परत नेणारी सारणी फाइलमध्ये नीट असावी लागते. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी काढली जाते, म्हणून अनेक फायलींमधून मजकूर काढताना तिचा क्रम उलटा येतो. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये (रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेल्या जुन्या फॉन्टमध्ये) जुळवलेल्या जुन्या पुस्तकांतून तर निव्वळ रोमन चिन्हांची सरमिसळ हाती लागते. पहिल्या प्रकारासाठी मी वेलांटीचा क्रम सुधारणारा छोटा टप्पा जोडला आहे. दुसऱ्या प्रकारच्या फायलींत शोधाचे बटण बंद ठेवतो, कारण चुकीचा निकाल दाखवण्यापेक्षा ते बरे.

छपाईने मात्र या टप्प्याचा निम्मा काळ घेतला, आणि मला जे सर्वांत आवर्जून सांगायचे आहे ते इथेच आहे: पडद्यावरची प्रतिमा कधीही प्रिंटरकडे पाठवू नये. माझा पहिला प्रयत्न नेमका तसा होता. ९६ डीपीआयला (एका इंचात ९६ ठिपके) ए-४ पान ७९४ × ११२३ पिक्सेलचे असते. ३०० डीपीआयच्या कागदावर त्यातील एक पिक्सेल आडवे-उभे तीनपेक्षा अधिक ठिपके व्यापतो आणि स्वरांखालच्या बारीक खुणा, मींडेच्या कमानी, मात्रांच्या रेषा सगळ्या पसरट होतात. ज्याला कागद समोर ठेवून गायचे आहे, त्याच्यासाठी ते पान निरुपयोगी आहे. दुसऱ्या प्रयत्नात पान ३०० डीपीआयला नव्याने रेंडर केले. आता आकार २४८० × ३५०८ पिक्सेल झाला आणि प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरता एका पानाला सुमारे ३५ मेगाबाइट मेमरी लागू लागली. चाळीस पाने एकदम छापताना चलच्चित्रही चालू असेल, तर हा भार परवडत नाही. म्हणून पान ५०० ओळींच्या पट्ट्यांमध्ये रेंडर करतो; आठ पट्ट्यांत पान पूर्ण होते आणि एका वेळी ५ मेगाबाइटपेक्षा कमी मेमरी लागते. प्रत्येक पट्टीसाठी तेच पान आधीपेक्षा आणखी ५०० ओळी वर सरकवून रेंडर करायचे, एवढीच युक्ती आहे.

तरीही जिथे शक्य आहे तिथे मी आता पट्ट्याही टाळतो. लिनक्स आणि मॅकओएस या दोन्हींवर छपाईचे काम कप्स (CUPS) ही प्रणाली सांभाळते आणि ते पीडीएफ जशीच्या तशी स्वीकारते, त्यामुळे निवडलेल्या पानांची छोटी पीडीएफ तयार करून तीच पुढे दिली की अक्षरे रेषांच्या रूपातच प्रिंटरच्या यंत्रणेपर्यंत पोहोचतात. पट्ट्यांचा मार्ग विंडोजसाठी ठेवला आहे. तिथे प्रत्येक पान काही मिलिमीटर उजवीकडे आणि खाली सरकून येत होते, त्याचा शोध घेण्यात दोन संध्याकाळी गेल्या. प्रिंटरला कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापता येत नाही आणि विंडोजमध्ये रेखाटनाचा शून्यबिंदू कागदाच्या कोपऱ्यावर नसून छापण्यायोग्य भागाच्या कोपऱ्यावर असतो. हे अंतर प्रिंटरच्या ड्रायव्हरकडून विचारून वजा केल्यावर स्वरलिपीचा समास चहूबाजूंनी बरोबर आला.

आणखी एक बाब सहज नजरेतून सुटते. पीडीएफमधील प्रत्येक टिपेला (पानावर वरून जोडलेल्या शेऱ्याला किंवा खुणेला) ती छापायची की नाही, हे सांगणारी स्वतंत्र खूण असते. माझ्या शिकवणीच्या फायलींत श्वास घेण्याच्या जागा टिपांनी दाखवलेल्या आहेत. त्या पडद्यावर दिसत होत्या आणि कागदावर येत नव्हत्या. दोष प्रोग्रॅमचा नव्हता, टिपा तयार करताना ती खूण दिली गेली नव्हती. म्हणून छपाईच्या चौकटीतले पूर्वदृश्य मी आता छपाईच्याच नियमांनी रेंडर करतो, म्हणजे कागदावर जे येणार नाही ते तिथेही दिसत नाही. लेखकाने छपाईला मनाई केलेल्या फायलींची परवानगी आधी तपासतो आणि मनाई असल्यास छपाईचे बटण उपलब्ध ठेवत नाही.

सध्या दोन्ही बाजूंना छापताना आडवी पाने मागच्या बाजूस उलटी येतात. कागद लांब कडेवर उलटायचा की आखूड, हे पूर्ण कामासाठी एकदाच ठरते आणि माझ्या संग्रहात उभी-आडवी पाने मिसळलेली आहेत, त्यामुळे छपाईला पाठवण्यापूर्वी आडवी पाने फिरवून सर्वांची दिशा एक करण्याचा कोड मी लिहायला घेतला आहे. पहिल्या बारा पानांवर तो बरोबर चालला. तेराव्या पानावर फिरवण्याची खूण फाइलमध्ये आधीच होती आणि ते दोनदा फिरले.