पाचव्या आठवड्यातले चमचे

आईने फोनवर माझा आवाज ऐकला आणि लगेच निदान केलं, "घसा बसलाय. रात्री हळदीचं दूध घे आणि एसी लावून झोपू नकोस." इथे मे महिन्यातही खोलीत एसी नसतो, खुर्चीवर स्वेटर असतो, हे मी तिला सांगितलं नाही. घसा कशाने बसला तेही नाही. खरं उत्तर होतं, आठ जणींवर ओरडून. परीक्षा महिन्यावर आलेली असताना मुलगी नदीवर जाऊन कुणावर ओरडते, हे समजावायला त्या रात्री माझ्याकडे आवाजच नव्हता.

तर सुरुवातीपासून. ऑक्सफर्डमध्ये तारीख कुणी सांगत नाही, आठवडा सांगतात. वर्षाची तीन सत्रं: मायकलमस, हिलरी आणि ट्रिनिटी. प्रत्येक सत्र आठ आठवड्यांचं, आणि आठवडा रविवारी सुरू. त्यामुळे लोक "पाचव्याच्या मंगळवारी भेटू" असं म्हणतात आणि समोरच्याला ते कळतं. सत्राच्या आधीच्या आठवड्याला तर चक्क 'शून्यावा' म्हणतात. पाचवा आठवडा एरवी बदनाम. सत्र अर्धं सरलेलं, निबंध साचलेले, झोप उडालेली. त्या उदासीला 'फिफ्थ वीक ब्लूज' असं अधिकृत वाटावं असं नाव आहे. उन्हाळ्याच्या ट्रिनिटी सत्रात मात्र याच आठवड्यात, बुधवार ते शनिवार, 'समर एट्स' या नौकाशर्यती असतात. नदीवर सगळं गाव लोटतं.

मी इथे बीसीएल करायला आले, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी. एक वर्ष, आणि सगळा भार शेवटच्या परीक्षेवर. खेळाशी माझा संबंध शाळेत लंगडीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. ऑक्टोबरात कॉलेजच्या बोट क्लबमधल्या एका मुलीने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं (त्याला फार वेळ लागत नाही, माझी उंची पाच फूट) आणि एकच प्रश्न विचारला, "तुला ओरडता येतं का?"

आठ जणींच्या बोटीत नववी असते, तिला कॉक्स म्हणतात. वल्हवणाऱ्या आठही जणींची पाठ बोट जाते त्या दिशेला असते, पुढचं दिसतं ते फक्त कॉक्सला. सुकाणूच्या दोऱ्या तिच्या हातात आणि तोंडाशी माइक. ती जितकी हलकी तितकं बरं, कारण ती वल्हवत नाही, नुसतं ओझं असते. एवढं स्वच्छ कामाचं वर्णन मला आजवर कुणी दिलं नव्हतं. पोहण्याची चाचणी दिली आणि मी रुजू झाले.

बोटीत कॉक्स नावं घेत नाही, नंबर घेते. पुढच्या टोकाला 'बो', माझ्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसलेली 'स्ट्रोक', मधल्या दोन ते सात. सात महिन्यांत या आठ जणी माझ्या डोक्यात नंबर म्हणूनच बसल्या. त्यामुळे त्या आठवड्यात त्या मला गावभर वेगवेगळ्या वेषांत भेटत गेल्या तेव्हा माझी फजितीच झाली.

मंगळवारी रात्री हॉलीवेल म्युझिक रूममध्ये मैफल होती. ही छोटीशी पांढरी इमारत 1748मध्ये केवळ मैफिलींसाठी म्हणून बांधली गेली. युरोपातलं या प्रकारचं सर्वांत जुनं सभागृह ते हेच असं मानतात. बाकं साधी, अंतर इतकं कमी की वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. चेलो घेऊन जी आली ती आमची पाच नंबर. काळा लांब झगा, केस बांधलेले. डाव्या हाताची बोटं तारांवर फिरत होती आणि त्या तळव्यावरचे फोड मला माहीत होते, कारण सकाळीच मी त्यांना चिकटपट्टी लावली होती. सगळं सभागृह संगीत ऐकत होतं. मी मात्र ती मनगट वळवते कशी ते बघत होते. नदीवर नेमकं तेच ती चुकीचं करायची.

बो गाणारी निघाली. इथल्या कॉलेजांच्या चॅपलमध्ये संध्याकाळी सहाच्या सुमारास इव्हनसाँग असते, गायनाने भरलेली प्रार्थना. मॉडलिन, क्राइस्ट चर्च आणि न्यू कॉलेज यांचे गायकवृंद विशेष नावाजलेले. मॉडलिन हे लिहिताना मॅग्डलेन लिहितात. पहिल्या दिवशी मी वाचलं तसं म्हटलं आणि सगळं टेबल गप्प झालं. न्यू कॉलेजची स्थापना 1379ची, यावरून इथे 'नवं' कशाला म्हणतात ते कळावं. इव्हनसाँगला कुणीही जाऊन बसू शकतं, तिकीट नाही, धर्म कुणी विचारत नाही. आमच्या कॉलेजच्या चॅपलमधला वृंद त्यांच्यासारखा नावाजलेला नाही, पण मेणबत्त्यांच्या उजेडात 'बो'चा आवाज वर चढला आणि मला वाटलं, हिला उगाच "बो, उशीर करतेस!" म्हणून रोज झापते.

स्ट्रोक विश्वरचनेवर संशोधन करते. व्याख्यानांचं म्हणाल तर इथे दुसऱ्या विभागाच्या व्याख्यानालाही जाऊन बसता येतं, हजेरी कुणी घेत नाही. मी वर्षभर त्याचा जमेल तसा फायदा घेतला. पण त्या आठवड्यातलं सर्वांत चांगलं व्याख्यान मला स्ट्रोकने दिलं, एका जुन्या फळ्यासमोर उभं राहून. ब्रॉड स्ट्रीटवर विज्ञानाच्या इतिहासाचं संग्रहालय आहे, 1683ची इमारत, प्रवेश मोफत. तिथे काचेआड एक फळा आहे. 16 मे 1931 रोजी आइन्स्टाइनने ऱ्होड्स हाउसमध्ये व्याख्यान दिलं, जर्मनमधून, तेव्हा त्याने त्यावर लिहिलं आणि नंतर कुणीतरी तो पुसू दिला नाही. विश्वाची घनता, त्रिज्या, वय, असा हिशोब खडूने मांडलेला. दुसराही एक फळा जपला होता, तो पुढे सफाईत चुकून पुसला गेला असं सांगतात.

"आकडेमोडीत चूक आहे यात," स्ट्रोक म्हणाली. त्या वर्षीच्या त्याच्या हिशोबात खरोखरच एकक बदलताना घोटाळा झाला होता, हे पुढे अभ्यासकांनी दाखवलं. ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती, लाडाने सांगत होती. मग घड्याळ बघून म्हणाली, "चल, दोन वाजता बोट."

आता बोट. इथे आयसिस म्हणतात ती थेम्सच, पण ऑक्सफर्डमध्ये ती इतकी अरुंद की अनेक बोटी शेजारी शेजारी पळवायला जागाच नाही. यावर या लोकांनी काढलेला तोडगा मला आधी विनोद वाटला होता. तेरा बोटी एकामागे एक उभ्या करायच्या, दोन बोटींत साधारण दीड बोटीएवढं अंतर ठेवायचं, तोफ उडवायची आणि पुढच्या बोटीला जाऊन धडकायचं. तुम्ही धडकलात की उद्या तिच्या जागी तुम्ही. मागचीने तुम्हाला गाठलं की तुम्ही एक पायरी खाली. चार दिवस. पुढच्या वर्षी जिथे संपलं तिथून सुरू. म्हणजे आज आमची जी जागा आहे ती कुणी वीस वर्षांपूर्वी वल्हवलेल्याचाही हिशोब आहे. ब्रेझनोज आणि जीझस या दोन कॉलेजांच्या बोटी 1815मध्ये इथे एकमेकींशी शर्यत लावत होत्या, तेव्हापासूनची ही खुमखुमी.

सुरुवात फार वाईट असते. पाच मिनिटं उरल्याची तोफ उडते. मग एक मिनिटाची. काठावरचा माणूस घड्याळ बघून सेकंद मोजतो, दुसरा बांबूने बोट प्रवाहात ढकलतो, आणि कॉक्सच्या हातात काठाला बांधलेल्या दोरीचं टोक असतं. तोफेपर्यंत ते सोडायचं नाही, तोफेनंतर धरून ठेवायचं नाही. अठरा मीटर लांबीची बोट वाऱ्याने वाकडी होत असते. आठ जणी तुमच्याकडे बघत असतात, कारण बघायला दुसरं काही नसतं.

बुधवारी आम्ही आमच्या गटात पाचव्या जागेवरून निघालो. डॉनिंग्टन पुलाखालून जाईपर्यंत सगळं छान होतं, पुलाखाली माझाच आवाज घुमून मला धीर देत होता. मग मागून शिट्टी. मागच्या बोटीचा माणूस सायकलवरून काठाने येत असतो आणि अंतर कमी होईल तशा शिट्ट्या वाढवतो: एक, मग दोन, मग तीन. त्या त्यांच्यासाठी असतात पण ऐकू आपल्याला येतात. मी मागे वळून पाहिलं नाही, वळलं की सुकाणू हलतं. स्ट्रोकच्या डोळ्यांत मात्र मागच्या बोटीचं टोक मोठं होताना दिसत होतं. शिट्टी अखंड झाली.

इथे नियम असा, की मागच्या बोटीने गाठलं की कॉक्सने हात वर करून कबूल करायचं, म्हणजे उगाच कुणाची पाठ फुटत नाही. मी वकील. स्पर्श झालाच नसेल तर कबुली कशाची, असा विचार मी त्या क्षणी करत होते. त्यांचं टोक आमच्या वल्ह्यात घुसलं, सहा नंबरचं वल्हं तिच्या पोटात बसलं, आणि काठावर आल्यावर आमच्या कॅप्टनने मला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं की तिथे खटला चालत नव्हता. सहा नंबर तीन दिवस पोट धरून हसत होती, किंवा कळवळत होती. तिच्या बाबतीत फरक कळत नाही.

गुरुवारी दुसऱ्या बोटीने गाठलं, शुक्रवारी तिसरीने. मी हात पटापट वर करायला शिकले.

गुरुवारी सकाळी हाय स्ट्रीटवरून जाताना परीक्षेला निघालेली मुलं दिसली. काळे गाऊन, पांढरे शर्ट आणि छातीवर कार्नेशनचं फूल: पहिल्या पेपरला पांढरं, मधल्यांना गुलाबी, शेवटच्याला लाल. ती सगळी एक्झामिनेशन स्कूल्स या 1882मध्ये पुऱ्या झालेल्या प्रचंड इमारतीत शिरत होती. टी. जी. जॅक्सन नावाच्या वास्तुकाराने ती बांधली, आणि यूनिव्हर्सिटी पार्क्समधलं क्रिकेटचं सुबक पॅव्हिलियनही त्याचंच. परीक्षेचा धाक आणि दुपारचं क्रिकेट एकाच माणसाच्या हातचं, हे मला फार आवडतं. त्या पार्क्समध्ये दोन्ही पतौडी खेळले. थोरल्यांनी 1931च्या केंब्रिजविरुद्धच्या सामन्यात नाबाद 238 काढल्या होत्या. हो, फळ्याचंच वर्ष.

पण त्या दारासमोर माझ्या मनात येते ती नाशिकला जन्मलेली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली कॉर्नेलिया सोराबजी. 1889मध्ये ती इथे आली, आणि 1892मध्ये खास ठराव करून तिला बीसीएलच्या परीक्षेला बसू दिलं गेलं. माझीच परीक्षा. ती उत्तीर्ण झाली, पण पदवी मिळाली नाही, कारण बायकांना पदवी द्यायचीच नाही असा शिरस्ता 1920पर्यंत चालू होता. 1922मध्ये ती पुन्हा आली आणि ती पदवी घेऊन गेली. तीस वर्षांनी. मी मात्र हातात नोट्सऐवजी माइकची बॅटरी घेऊन तिथून जात होते, तेव्हा खरंच थोडी लाज वाटली. संध्याकाळी ग्रंथालयात चार तास बसले. न्यासाच्या कायद्याचं एक प्रकरण तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी पानाच्या शेवटी मला शिट्ट्या ऐकू आल्या.

शुक्रवारी रात्री कॉलेजच्या बागेत नाटक होतं. उन्हाळ्यात इथे बागाबागांत विद्यार्थ्यांची नाटकं होतात, नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, मग दिवे लावतात. प्रेक्षक घोंगड्या पांघरून हिरवळीवर. आमची दोन नंबर त्यात शिपाई होती. तिला एकच वाक्य होतं. पाऊस आला, कुणी उठलं नाही, तिने ते वाक्य म्हटलं आणि आमच्या बोटीतल्या सात जणींनी इतक्या टाळ्या वाजवल्या की मुख्य नट दचकून थांबला.

शनिवार. शेवटचा दिवस, बोटहाउसच्या गच्च्यांवर मुंगीला वाव नाही, हातात ग्लास, डोक्यावर टोप्या. मागे होती ती बोट तिन्ही दिवस धडकत वर आली होती. चारही दिवस धडकणाऱ्यांना 'ब्लेड्स' मिळतात, म्हणजे वल्ह्यावर नावं रंगवून ते भिंतीला टांगायचा मान. चारही दिवस धडक खाणाऱ्यांना 'स्पून्स'. लाकडी चमचे.

कॅप्टनने तोफेआधी एवढंच सांगितलं की वाकडं वळण घट्ट घ्या. ते 'गट' नावाचं वळण मी त्या आठवड्यात एकदाही नीट घेतलं नव्हतं. शनिवारी घेतलं. काठाला चाटून गेलो, विलो झाडाची फांदी 'बो'च्या डोक्याला लागली, आणि मागची शिट्टी तीनावरून पुन्हा दोनावर आली. दोनावर! माझ्या घशातून तेव्हा जो आवाज निघाला तो मराठी होता. "ओढा गं, ओढा!" कुणालाही कळलं नाही आणि आठही जणींनी ओढलं. बोटहाउसं दिसायला लागली होती.

मग तीन. मग अखंड. मी हात वर केला.

रविवारी, म्हणजे सहावा आठवडा लागल्यावर, मी आईला सगळं सांगितलं. बोट, माइक, धडक, नियम. ती लक्षपूर्वक ऐकत होती, मधेच "पोहता येतं ना नीट?" असं दोनदा विचारून झालं.

"मग नंबर कितवा आला?"

"पाचव्या होतो. नवव्या झालो."

थोडा वेळ हिशोब करून ती म्हणाली, "पाचाचे नऊ म्हणजे वाढलेच की गं."

मी हो म्हटलं.