दापोलीत बसून, की चौपाटीला जाऊन?

माझी भाची यंदा बारावी झाली. कॉमर्स, गुण चांगले, घरची ऐपत बेताची. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, दोन मुलांनी घरबसल्या ऑनलाइन पदवीला नाव घातलं, तेव्हापासून तिच्याही मनाने तेच घेतलंय. शिक्षण ख्रिस्ती संस्थेचंच हवं, पण त्यासाठी दापोली कशाला सोडायची, असं तिचं म्हणणं. ताईचा कलही तिकडेच: पोर डोळ्यांसमोर राहील, हॉस्टेलचा खर्च वाचेल. शेवटी भाची म्हणाली, "मामा, तू दोन्ही केलंयस. तूच सांग."

दोन्ही केलंय हे खरं. बी.ए. मुंबईच्या विल्सन कॉलेजात केलं, मॅकिकन हॉल या हॉस्टेलात राहून, समोर गिरगाव चौपाटी. पुढे नोकरी-संसाराला लागल्यावर बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सेनेटचा (ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या पदव्या देणाऱ्या मंडळाचा) ख्रिस्ती अभ्यासाचा पदवी अभ्यासक्रम दूरशिक्षणाने केला, इथे दापोलीत बसून. त्यात व्हिडिओचे तास नव्हते, पुस्तकं होती. पण आपण घरी आणि शिकवणारे लांब, ही गोष्ट तीच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अठराव्या वर्षी, पहिल्या पदवीला, कसंही करून जमत असेल तर कॉलेजात जावं. वय वाढल्यावर, आपली माणसं आणि आपलं काम ठरल्यावर, घरी बसून शिकावं, आणि मग ते कॉलेजातल्यापेक्षाही जास्त अंगी लागतं. ख्रिस्ती शिक्षणात धड्यांइतकंच भोवतालच्या माणसांना महत्त्व आहे. ती माणसं ज्याला अजून मिळालेली नाहीत, त्याला ती कॉलेज देतं. ज्याला मिळाली आहेत, त्याने त्यांना सोडून कशाला जायचं?

आमच्या किनाऱ्याला ही गोष्ट नवी नाही. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये स्कॉटलंडहून मुंबईत उतरले आणि मराठी शिकायला बाणकोट-हर्णैला येऊन राहिले. ज्या हर्णै बंदरावर आजही संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो, त्याच गावात त्यांनी आपली भाषा आपल्या लोकांत राहून शिकून घेतली. कॉलेजाची सुरुवात त्यानंतरची, १८३२ ची. पां. वा. काणे चिपळूणजवळच्या परशुराम-पेढ्याचे. शाळा दापोलीच्या मिशन हायस्कुलात, कॉलेज विल्सन. हिंदू धर्मशास्त्राचा एवढा मोठा अभ्यासक, १९६३ चा भारतरत्न, मिशनच्या वर्गांत घडला. साने गुरुजीही काही वर्षं दापोलीच्याच मिशन शाळेत होते. ख्रिस्ती कॉलेज म्हणजे ख्रिस्ती मुलांपुरतं, असं ज्यांना वाटतं त्यांना मी ही नावं सांगतो.

माझ्या मजल्यावरही असंच होतं. शेजारच्या खोलीत नागालँडचा मुलगा, पलीकडे जव्हारचा, समोर चिपळूणच्या भिक्षुकाघरचा. दापोलीत मला कुणी कधी विचारलं नव्हतं की तुम्ही प्रभुभोजन (उपासनेत भाकर आणि द्राक्षरस) घेता म्हणजे नेमकं काय करता. चिपळूणच्या मित्राने विचारलं, आणि मला धड उत्तर देता येईना. त्या रात्री मी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, काढून बसलो. घरी नुसतं ऐकत आलेलं पहिल्यांदा स्वतः वाचलं, ते त्याला सांगता यावं म्हणून. स्क्रीनवरच्या वर्गात असा प्रश्न येत नाही, कारण तास संपला की सगळे जिथल्या तिथे निघून जातात. असे प्रश्न रात्री अकरानंतर, कॉटवर मांडी घालून बसल्यावर निघतात.

दुसऱ्या वर्षी बाबा आजारी पडले. मी दोन-तीन दिवस जेवायला खाली उतरलो नाही. मेसमध्ये वाढणाऱ्या काकांनी ते हेरलं आणि वॉर्डनसरांच्या कानावर घातलं. सर वर आले, कॉटच्या कडेला बसले. उपदेश नाही, काही नाही. "घरी फोन लागतो का?" एवढंच विचारलं, आणि मला खाली नेऊन ऑफिसचा फोन पुढ्यात ठेवला. मी बोलत होतो तोवर ते बाहेर व्हरांड्यात उभे राहिले. त्याच रात्री त्यांनी मला दापोलीच्या एसटीत बसवून दिलं, आणि परत आलो तेव्हा बुडालेल्या तासांच्या वह्या कुणीतरी माझ्या टेबलावर आणून ठेवल्या होत्या. ऑनलाइन वर्गात हजेरी लागते, पण मुलगा जेवला की नाही हे कुणाला कळणार? अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाकडे असं लक्ष असायला हवं, यावर मी ठाम आहे.

आता दुसरी बाजू, आणि तीही तेवढ्याच मनापासून. सेरामपूरचं कॉलेज १८१८ चं. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात, म्हणून पदव्या देण्याची सनद मिळाली ती १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडून. आज देशभरातल्या कितीतरी सेमिनरींच्या (पाळक म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू घडवणाऱ्या कॉलेजांच्या) पदव्या त्याच सेनेटच्या आहेत, आणि आमच्यासारख्या नोकरी करणाऱ्यांसाठी दूरशिक्षणही आहे. बायबलमधल्या आमोस संदेष्ट्यावर टिपण लिहायचं होतं, तेव्हा मी रात्री मुलं झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायचो. खोट्या तराजूने गरिबांना फसवणाऱ्यांवर आमोस तुटून पडतो, तो उतारा मी बुधवारच्या प्रार्थनासभेत वाचला. एक मावशी हर्णैला मासळी विकतात. वजनात कोण कसं मारतं, हे त्यांनी अर्धा तास सांगितलं. माझ्या टिपणातला सगळ्यात चांगला भाग त्यांचा आहे. सेमिनरीच्या वर्गात मला ती मावशी भेटली नसती. चाळिशीतल्या माणसाला, पाळकांच्या पत्नीला, संडे स्कूल घेणाऱ्या शिक्षिकेला गाव सोडून तीन-चार वर्षं पुण्याला सेमिनरीत जा म्हणणं अन्यायाचं आहे, आणि त्याची गरजही नाही.

पण कोकणात घरबसल्या शिकायचं म्हणजे पावसाळा आलाच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, कित्येक दिवस वीज नव्हती, रेंज तर विचारूच नका. त्या वर्षी सगळ्या देशाची शाळा मोबाइलवर चालली होती आणि इथली मुलं फोन चार्ज करायला जनरेटर शोधत फिरत होती. असं वादळ दरवर्षी येत नाही, पण जुलैत दोन दोन दिवस लाइट जाणं नेहमीचं. ऑनलाइन परीक्षा असेल तर आधी हा विचार करा.

आणि मान्यता. इथे भावनेत वाहून जाऊ नका. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) ऑनलाइन व दूरशिक्षणाचे नियम २०२० चे आहेत. मान्यता असलेल्या संस्थेची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं. पण मान्यता त्या संस्थेच्या त्या अभ्यासक्रमाला लागते, म्हणून यूजीसीच्याच डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या यादीत नाव आपल्या डोळ्यांनी बघा. संस्थेचं नाव संताचं आहे म्हणून विश्वास टाकू नका. नर्सिंग, इंजिनिअरिंग, कायदा हे ऑनलाइन होतच नाही. बायबल कॉलेजची पदवी सेवेसाठी उत्तम, पण अशा कॉलेजांना मान्यता देणाऱ्या एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता म्हणजे यूजीसीची मान्यता नव्हे. सरकारी नोकरीच्या अर्जात ती चालेल असं धरून कुणी पैसे भरू नयेत. भाचीने मला अमेरिकेतल्या लिबर्टी युनिव्हर्सिटीची जाहिरातही दाखवली. ती १९७१ ची बॅप्टिस्ट संस्था, आणि ऑनलाइनच्या कितीतरी आधी, १९८५ पासून, व्हिडिओ कॅसेट पाठवून शिकवत आलेली. काम मोठं आहे. पण परदेशी ऑनलाइन पदवीला इथे समकक्षतेची अडचण येते आणि फी डॉलरमध्ये, म्हणून तो विषय मी तिथेच थांबवला.

तिच्यासाठी मला आवडलेला रस्ता वेगळाच आहे. एप्रिल २०२२ पासून यूजीसीने दोन पदव्या एकाच वेळी करायला मुभा दिली आहे. एक वर्गात बसून, दुसरी ऑनलाइन, हे चालतं. मुंबईत बी.कॉम. कर, वर्षभराने जम बसला की जोडीला दुसरं काही ऑनलाइन घे, असं मी तिला सांगितलं. प्रवेशाला बाप्तिस्म्याचा दाखला आणि पाळकांचं पत्र लागेल म्हणून ते काढून ठेवलंय. ताईची काळजी खर्चाची होती. पहिल्या वर्षाच्या हॉस्टेलचा अर्धा भार मी उचलतो, बाकीचं शिष्यवृत्तीतून जमवू.

मंडळीतल्या त्या दोन मुलांना मुंबई खरंच शक्य नाही. एकाची आई अंथरुणाला खिळलेली, दुसरा बागेत राबतो. त्यांनी ऑनलाइनच करावं, फक्त एकेकट्याने नको. पाळकांशी बोललोय. रविवारची उपासना झाली की मागची खोली दुपारी तीनपर्यंत उघडी राहील, वाय-फाय आणि इन्व्हर्टर आहे. अकाउंट्स शिकवायला आमचे एक निवृत्त बँकवाले तयार आहेत, बाकी मी बसेन. जेवणाचं आमच्या घरून. दापोली-मंडणगड भागातली आणखी कुणी मुलं ऑनलाइन पदवी करत असतील, कुठल्याही धर्माची, तर त्यांनीही यावं.